पंचवीस शॉट, दोन दिवस : गोव्यात एका वीकेंडला लघुपट कसा करावा

हाती नेमके किती काम आहे, याचा हिशेब आधी मांडू. शुक्रवारी संध्याकाळी सातला सुरुवात आणि रविवारी संध्याकाळी सातला तयार लघुपट, म्हणजे ४८ तास. त्यातले बारा तास झोपेचे. सहा तास जेवणखाण आणि ये-जा यांत जातात. लिहायला आणि ठरवायला आठ, संकलनाला अकरा. शूटिंगला उरतात अकरा तास. नव्या टीमला एक शॉट लावायचा, एकदा तालीम करायची, तीन-चार टेक घ्यायचे आणि पुढच्या शॉटकडे वळायचे, तर साधारण पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे सगळे सुरळीत पार पडले तर पंचवीस शॉट होतील.

हा पंचवीसचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. गोष्ट किती मोठी, पात्रे किती, जागा किती, हे सगळे त्यातूनच ठरते. पंचवीस शॉटमध्ये तीन ते चार मिनिटांचा लघुपट नीट उभा राहतो. सात मिनिटांची संहिता घेऊन बसलात, तर शनिवारी संध्याकाळी शेवटचा प्रसंग राहून गेलेला असेल आणि उजेड संपलेला असेल. पहिल्यांदा करणाऱ्या टीमचे लघुपट अर्धवट राहतात ते बहुतेक याच कारणाने. कॅमेरा साधा होता म्हणून कुणाचा लघुपट अडलेला नाही.

ठरावीक वेळेत लघुपट करण्याची ही पद्धत स्पर्धांमुळे रुजली. ४८ तासांची पहिली मोठी स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला सुरू झाली. तिथे शुक्रवारी प्रत्येक टीमला चिठ्ठी काढून चित्रपटाचा प्रकार मिळतो, आणि एक पात्र, एक वस्तू व एक वाक्य सगळ्यांनाच वापरावे लागते. २००४ पासून गोव्यात भरणाऱ्या इफ्फीतही (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) तरुणांच्या गटांसाठी ४८ तासांचे आव्हान ठेवले गेले आहे. स्पर्धेत उतरायचे नसले तरी हा नियम स्वतःला घालून घ्या. विषय शुक्रवारीच ठरवायचा. आधीपासून मनात घोळत असलेली मोठी गोष्ट या दोन दिवसांत कोंबायची नाही.

आधीच्या आठवड्यात

गोष्ट आधी लिहायची नाही. माणसे, जागा आणि सामान मात्र आधीच पक्के करायचे.

टीम आठ ते दहा जणांची असावी. दिग्दर्शन, लेखन, कॅमेरा, ध्वनी, संकलन, कला आणि कंटिन्युइटी (एका शॉटमधले कपडे-वस्तू पुढच्या शॉटशी जुळवणे), जेवणखाण व व्यवस्था, वेळ सांभाळणे आणि दोन-तीन कलाकार. लेखक शनिवारी मोकळा असतो, त्याच्याकडे क्लॅप (टेकच्या सुरुवातीला वाजवायची पाटी) आणि शॉटची नोंदवही द्या. दोन कामे मात्र दुसऱ्या कामात मिसळू नका. पहिले ध्वनीचे. हेडफोन लावलेला माणूस दिवसभर दुसरे काहीही करणार नाही. दुसरे वेळ सांभाळणाऱ्याचे. त्याला कॅमेऱ्याची किंवा अभिनयाची आवड नसली तरी चालेल. ‘हा शॉट सोडा, पुढे चला’ असे दिग्दर्शकाला सांगायचा अधिकार मात्र त्याला सगळ्यांसमक्ष दिलेला असावा.

पंधरा जण जमले तर आनंदच आहे, पण सेटवर पंधरा जण नकोत. घराच्या खोलीत दहाव्या माणसानंतर उकाडा वाढतो, कुजबुज वाढते आणि प्रत्येक शॉटपूर्वी कुणाला तरी फ्रेमबाहेर काढावे लागते. जास्तीच्या माणसांना रविवारी सबटायटल, पोस्टर आणि संगीत यांची कामे द्या.

कलाकारांची गोव्यात वाण नाही. जत्रेच्या आणि उत्सवाच्या निमित्ताने गावोगाव मराठी नाटके होतात, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरलेले कलाकार फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी अशा सगळ्या तालुक्यांत भेटतात. त्यांचे पाठांतर चोख असते आणि वेळेवर येण्याची शिस्तही असते. अडचण एकच. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय अंगात मुरलेली असते, आणि तीन फुटांवरच्या कॅमेऱ्यात तोच आवाज आणि तोच हातवारा कृत्रिम दिसतो. ‘कमी कर’ असे सांगून फरक पडत नाही, उलट कलाकार अवघडतो. त्याऐवजी समोरच्या माणसाचे अंतर सांगा: ‘आई आत झोपली आहे, तिला ऐकू जाऊ नये असं बोला.’ आवाज आपोआप खाली येतो आणि चेहराही शांत होतो.

जागा एकच घ्या, फार तर दोन, आणि त्या एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पणजीत सकाळी शूट करून दुपारी फोंड्याला जायचे ठरवले, तर सामान आवरायला अर्धा तास, वीकेंडच्या वाहतुकीत एक तास आणि पुन्हा मांडायला पाऊण तास जातो. हिशेब केला तर हे पाच-सहा शॉट झाले. कुणाच्या तरी मामाचे जुने घर मिळाले तर दुसरीकडे बघूच नका. अशा एका घरात अंगण, तुळशीवृंदावन, राजांगण, स्वयंपाकघर, माडी आणि परसातली विहीर, म्हणजे पाच-सहा वेगवेगळ्या जागा मिळतात. राजांगणात वरून येणारा उजेड चारी बाजूंच्या भिंतींवरून परतून मऊ होतो. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतील तर त्यांतून येणारा प्रकाश चेहऱ्यावर विकतच्या सॉफ्टबॉक्सपेक्षा सुंदर पडतो.

जागा बघायला जाल ती शूटिंगच्याच वेळेला आणि शक्यतो शनिवारीच जा. दोन मिनिटे कुणीही न बोलता उभे राहा आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करा. पंप कधी सुरू होतो, शेजारी बांधकाम आहे का, पत्र्याची शेड आहे का, हे तिथेच कळते. प्लगचे सॉकेट किती आणि इन्व्हर्टर आहे का, तेही बघून घ्या. मोबाइलला रेंज कुठे मिळते याची नोंद करा.

परवानगीचे काम टाळू नका. घरमालकाकडून दोन ओळींचे संमतीपत्र सहीनिशी घ्या, कलाकारांकडूनही घ्या. स्पर्धेत किंवा महोत्सवात लघुपट पाठवताना ते मागतात, आणि नंतर सह्या गोळा करणे फार कठीण जाते. सार्वजनिक जागी शूटिंगच्या परवानगीचे काम राज्यात गोवा मनोरंजन संस्था बघते. अर्ज आधी करावा लागतो, शुक्रवारी रात्री सुचलेल्या जागेची परवानगी शनिवारी सकाळी मिळत नाही. जुन्या गोव्यातल्या चर्चसारख्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची आणि अभयारण्यांसाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. पणजीतल्या फोंतेंयशच्या रंगीत गल्ल्या पडद्यावर छान दिसतात खऱ्या, पण तिथे लोक राहतात आणि सततच्या फोटोंना ते कंटाळले आहेत. न विचारता कुणाच्या दारात स्टँड लावू नका. ड्रोनचा मोह सोडा. दाबोळी आणि मोपा अशी दोन विमानतळे असलेल्या या छोट्या राज्यात उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघणे भाग असते, आणि चार मिनिटांच्या घरगुती गोष्टीला आकाशातून दिसण्याची गरजही क्वचितच असते. कथेत खेळण्यातली बंदूक किंवा मारामारी असेल, तर घराच्या आवारातसुद्धा शेजाऱ्यांना आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कळवा.

सामानाची यादी लहान आहे:

- कॅमेरा किंवा चांगला फोन, ट्रायपॉड, दोन जास्तीच्या बॅटऱ्या किंवा पॉवर बँक
- प्रत्येकी ६४ जीबीची दोन कार्डे, कार्ड रीडर, दोन हार्ड डिस्क
- एक बूम माइक (लांब काठीवर धरायचा) किंवा दोन कॉलर माइक, केसाळ वारारोधक कव्हर, तारेचे हेडफोन
- एक एलईडी लाइट, ३ बाय २ फुटांचे दोन पांढरे फोम बोर्ड, एक पांढरी आणि एक काळी चादर
- कापडी चिकटपट्टी, कपड्यांचे चिमटे, मार्कर, एक्स्टेन्शन बोर्ड, टॉर्च, छत्र्या

चिकटपट्टी, सेल, दोरी हे सगळे शुक्रवारी दुपारपर्यंत घेऊन ठेवा. गोव्यात दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकाने बंद असतात आणि रविवारी तर हार्डवेअरचे दुकान शोधण्यातच तास जातो.

कॅमेऱ्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. सेटिंग मात्र सगळ्यांनी एकच ठेवा: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ३० फ्रेम आणि १/६० वर ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकते आणि ते नंतर नीट करता येत नाही. फोनवर आणखी एक धोका आहे. मूळ कॅमेरा अॅप उजेडानुसार फ्रेमची गती किंचित कमी-जास्त करते आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखे मोफत अॅप वापरून फ्रेमगती, शटर आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) बांधून ठेवा. या सेटिंगवर घेतलेली एक मिनिटाची क्लिप आणि एक आवाजाची फाइल गुरुवारीच संकलकाच्या संगणकावर उघडून बघा. फाइल उघडत नाही हे शनिवारी मध्यरात्री कळू नये.

शुक्रवारची रात्र

सात ते आठ, कल्पना. सगळ्यांनी बोलायचे, पण कागदावर आधी असलेल्या गोष्टींची यादी लिहायची: कोणते कलाकार आहेत, घर कसे आहे, हाताशी काय आहे. जुनी स्कूटर, शिवणयंत्र, बंद पडलेला रेडिओ, न्हाणीघरातले तांब्याचे भाणे. गोष्ट या यादीतूनच काढा. ‘हॉस्पिटल दाखवू’ असे कुणी म्हणाले की ते हॉस्पिटल शनिवारी सकाळी कुठून आणणार, हा प्रश्न तिथल्या तिथे विचारा.

चार मिनिटांत बसते ती एकच घटना. दोन माणसे, एकाला काहीतरी हवे आहे, दुसऱ्याला ते द्यायचे नाही किंवा देता येत नाही, आणि शेवटी त्यांच्यात काहीतरी बदलते. भाऊ घर विकायच्या कागदावर सही मागायला आला आहे आणि बहीण त्याला आधी जेवायला वाढते आहे. एवढे पुरते. फ्लॅशबॅक, स्वप्न, ‘दहा वर्षांनंतर’ हे सगळे वेगळे कपडे, वेगळा मेकअप आणि वेगळी मांडणी मागतात. रात्रीचे प्रसंगही टाळा. अंधारात उजेड उभा करायला दुप्पट वेळ जातो.

आठच्या ठोक्याला दिग्दर्शकाने एक कल्पना निवडायची आणि चर्चा संपवायची. ज्याची कल्पना मागे पडली त्याला वाईट वाटणार. ते सांभाळून घ्या, पण घड्याळ थांबवू नका. मग लेखक आणि दिग्दर्शक दोघेच बसतील. बाकीच्यांनी जेवून, सामान भरून घरी झोपायला जायचे. दहा जण मिळून संहिता लिहायला बसले की पहाटेचे तीन वाजतात.

भाषेचा निर्णयही याच वेळी घ्या. घरात कोंकणी आणि नाटक-वाचन मराठीत, अशी इथल्या अनेक कुटुंबांची रीत आहे. कलाकार आजीशी ज्या भाषेत बोलत आला, त्या भाषेत त्याच्या तोंडी वाक्य द्या. नाटकी प्रमाण मराठीत लिहिलेला स्वयंपाकघरातला संवाद कानाला लगेच खटकतो. आजी कोंकणीत आणि पुण्याहून आलेला नातू मराठीत असे मिश्रण असेल तर तेही खरे वाटते. मात्र दोन भाषा म्हणजे सबटायटल आली आणि चार मिनिटांच्या संवादाला सबटायटल करायला किमान दीड तास लागतो, तो रविवारच्या हिशेबात धरा.

साडेदहापर्यंत संहिता झाली की ती मोठ्याने वाचा, हालचालींसकट, घड्याळ लावून. मराठीत पानाला किती मिनिटे हे अक्षराच्या आकारावर अवलंबून असते, त्यामुळे पाने मोजण्यात अर्थ नाही. पाच मिनिटे भरली तर आत्ताच कापा. कापायची सोपी जागा म्हणजे सुरुवात. पात्र येते, दार उघडते, बसते, पाणी पिते. दुसऱ्या संवादापासून सुरू करून बघा.

मग शॉटची यादी. प्रत्येक शॉटपुढे तीन गोष्टी लिहा: कुठे, कोण, आणि आवाज लागतो की नाही. यादी तीसच्या वर गेली तर प्रसंग एकत्र करा. ज्यांच्याशिवाय गोष्ट कळणार नाही अशा दहा-बारा शॉटवर खूण करा. शनिवारी ते आधी होतील. बाराला दिवे बंद.

शनिवार : उजेड, वारा, आवाज

सकाळी सहाला सेटवर. चहा, भाजी-पाव आणि दिवसाच्या क्रमाची एक प्रत प्रत्येकाच्या हातात.

शूटिंगचा क्रम गोष्टीनुसार लावू नका. इथले ऊन, वारा आणि गावाची दिनचर्या बघून लावा. सकाळी सहा ते साडेआठ बाहेरचे शॉट, संवाद नसलेले. या वेळेला उजेड सर्वांत चांगला असतो, पण आवाज सर्वांत वाईट. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, मासे विकणाऱ्याची हाक, देवळातली घंटा, कोंबडे, दुचाक्या. या आवाजांशी भांडू नका. ते स्वतंत्रपणे रेकॉर्ड करून ठेवा, संकलनात सोन्यासारखे उपयोगी पडतात. साडेआठ ते बारा घरातले हालचालीचे आणि जवळचे शॉट. आणि दुपारी एक ते चार, गाव झोपलेले असते, बाहेरचे ऊन तसेही चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते. तेव्हा मुख्य संवादाचा प्रसंग घरात घ्या. गोव्याची दुपार ही ध्वनीमुद्रणासाठी मिळालेली देणगी आहे. तिचा उपयोग करायचा तर जेवण हलके हवे आणि साडेअकरा-बारालाच उरकायला हवे. भरपेट हुमण-भातानंतर टीम आडवी होते. भाजी, पोळी, केळी, ताक, आणि चारला पुन्हा चहा व बटाटवडे.

समुद्रकिनारा घ्यायचाच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य जमिनीकडून येतो, त्यामुळे समुद्राला पाठ करून उभ्या असलेल्या कलाकाराच्या चेहऱ्यावर छान उजेड पडतो, वारा मंद असतो आणि गर्दी नसते. संध्याकाळी सूर्य कलाकाराच्या पाठीमागे जातो, चेहरा काळा पडतो, आणि दुपारपासून वाढलेला समुद्री वारा माइकमध्ये घोंघावतो. सूर्यास्ताचा शॉट हवा असेल तर तो एकच घ्या, बिनसंवादाचा, आकृती काळ्या दिसतील असाच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे-जूनमध्ये सातच्या सुमारास. त्याआधी एक तास कॅमेरा जागेवर लागलेला हवा. भरती-ओहोटीचे वेळापत्रकही बघा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी येते आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. शनिवारी सकाळी आठला घेतलेल्या शॉटला जोडून रविवारी काही घ्यायचे असेल तर पाण्याची रेषा जुळायला पावणेनऊ-नऊला जावे लागेल.

वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की लेन्सवर दव धरते. पुसत बसू नका, पुसल्याने पुन्हा धरते. पिशवी बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

आता आवाज. चित्र थोडे अस्थिर किंवा गडद असले तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळला नाही तर तो लगेच गोष्टीतून बाहेर पडतो. माइक कॅमेऱ्यावर बसवू नका. बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने खाली जातो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून माइक तोंडापासून हात-दीड हाताच्या आत, फ्रेमच्या जरा वर, छातीकडे रोखलेला. चिऱ्याच्या भिंती आणि सिमेंटची किंवा कोब्याची जमीन असलेल्या खोलीत घुमारा जास्त असतो. फ्रेमबाहेरच्या जमिनीवर गोधड्या अंथरा, मागे जाड चादरी टांगा. फरक लगेच ऐकू येतो.

बूम धरणारा नसेल तर कॉलर माइक, हनुवटीपासून वीतभर खाली, कपड्याच्या आत. माइकच्या टोकाला कापड घासले तर खरखर येते. वैद्यकीय चिकटपट्टीचे छोटे त्रिकोण करून माइक दोन्ही बाजूंनी कपड्याला चिकटवा. कडक इस्त्रीचा सुती शर्ट आणि रेशमी साडी जास्त आवाज करतात, धुऊन मऊ झालेले कपडे बरे. वेगळा रेकॉर्डर नसेल तर माइक दुसऱ्या फोनला जोडा आणि फोन कलाकाराच्या खिशात ठेवा, फ्लाइट मोडवर.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. आवाजाची पातळी मोठ्यात मोठ्या वाक्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. लाल दिवा लागून फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, हळू आवाज वाढवता येतो. पंखा, एसी, फ्रिज, पंप बंद. फ्रिज बंद केला की गाडीची चावी त्याच्या आत ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचा राहणार नाही आणि यजमानांचे मासे खराब होणार नाहीत. प्रत्येक टेकला क्लॅप हवाच, पाटी नसेल तर हातांची टाळी चालेल, पण फ्रेममध्ये आणि शॉटचा आकडा मोठ्याने सांगून. प्रसंग संपल्यावर सगळ्यांना जागेवर थांबवून खोलीतली शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा. संवादांच्या मधल्या फटी याच शांततेने भरायच्या असतात. ती नसेल तर प्रत्येक कटला पार्श्वभूमी तुटल्यासारखी वाटते.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पत्र्याखाली संवाद घेता येत नाही. कौलाखाली मध्यम पाऊस चालतो. पण एका शॉटमध्ये पाऊस आणि दुसऱ्यात उघडीप आली तर जोड दिसतो. अशा दिवसांत संवाद नसलेली, किंवा नंतर कथन जोडता येईल अशी गोष्ट शुक्रवारीच निवडावी.

कॅमेरा लावताना दोनच नियम पाळा. दोन माणसे बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरा आणि सगळे शॉट रेषेच्या एकाच बाजूने घ्या. रेषा ओलांडली की दोघे एकाच दिशेला बघत असल्यासारखे दिसतात. दुसरे, ‘अॅक्शन’च्या आधी आणि ‘कट’च्या नंतर चार-पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. घाईने बंद केलेले शॉट संकलनात जोडता येत नाहीत. आधी पूर्ण प्रसंग लांबून एका दमात घ्या, मग जवळचे शॉट. काही बिनसले तर निदान त्या एका लांबच्या शॉटवर प्रसंग निभावतो. प्रत्येक मांडणीचा फोटो फोनवर काढून ठेवा: पदराची बाजू, ग्लासातले पाणी, घड्याळाचे काटे.

दुपारी तीनला वेळ सांभाळणाऱ्याने हिशेब मांडावा. खूण केलेल्या शॉटपैकी काही राहिले असतील तर बाकीची यादी बाजूला ठेवून तेच घ्या. हा निर्णय सहाला घेऊन उपयोग नाही.

कार्ड, कॉपी आणि पहिली जुळणी

१०० मेगाबिटवर फोर-के चित्रीकरण केले तर मिनिटाला ७५० एमबी लागतात. तासाभराच्या फुटेजला ४५ जीबी. पहिले कार्ड दुपारच्या जेवणाला काढा, दुसरे संध्याकाळी. कार्डावरून दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी करा, दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, अधूनमधून एखादी क्लिप उघडून बघा. रिकामे आणि भरलेले कार्ड ओळखू येत नाही म्हणून झालेले नुकसान भरून येत नाही, त्यामुळे भरलेल्या कार्डावर लाल पट्टी लावा आणि दोन दिवस एकही कार्ड पुसू नका.

संकलकाने सेटवर येऊ नये. त्याने शनिवारी सकाळी झोप काढून दुपारी एकला पहिल्या कार्डावर काम सुरू करावे. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरेशी आहे. साधा लॅपटॉप असेल तर आधी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवून घ्या. मग आवाज आणि चित्र टाळीवर जुळवा, नोंदवहीतल्या खुणेचे टेक निवडा. रात्री एकपर्यंत सगळे प्रसंग क्रमाने लागलेली पहिली जुळणी तयार हवी. ती लांबलेली आणि संथ असणारच.

रविवार

सकाळी साडेसातला दिग्दर्शक, लेखक आणि संकलक पहिली जुळणी बघतील. प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचा: कुठे कळले नाही? राहिलेले शॉट नऊ ते अकरा या दोन तासांतच घ्या, तीन-चारच. हातातली चिठ्ठी, दाराची कडी, समोरच्याचे ऐकणे. शनिवारचे कपडे तेच हवेत, म्हणून शनिवारी रात्री कुणालाही वेशभूषा घरी नेऊ देऊ नका. रविवारी सकाळी चर्चमधल्या मिसाची किंवा पूजेची घाई असलेल्या कलाकाराला आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

बाराला चित्र बंद. त्यानंतर एकही कट हलणार नाही. हे पाळले नाही तर ध्वनी, संगीत आणि सबटायटल तिघांचेही काम पुन्हा करावे लागते. बारा ते साडेतीन ध्वनी: आधी संवादांची पातळी सारखी करा, मग शांततेने फटी भरा, मग पावले, भांडी, सकाळी पकडलेला पोदेराचा भोंगा, आणि शेवटी संगीत. संगीत संवादाखाली कमी ठेवा, आणि जिथे अभिनय बोलतो आहे तिथे अजिबात नको.

सिनेगीत वापरू नका. ओळखीचे घुमटवादक किंवा पेटीवादक असतील तर त्यांच्याकडून दीड-दोन मिनिटांचा तुकडा शनिवारीच रेकॉर्ड करून घ्या, लेखी संमतीसह. जुनी पारंपरिक चाल मोकळी असली तरी कुणी केलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणावर त्याचा हक्क असतो. गीत-संगीताचा हक्क आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

रंगाला एक तास. प्रत्येक शॉटचा चेहऱ्याचा उजेड शेजारच्या शॉटशी जुळवा, एवढेच. नामावलीत सगळ्यांची नावे दोनदा वाचून बघा. घरमालकांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे नाव राहता कामा नये. देवनागरी अक्षरे दुसऱ्या संगणकावर तुटतात, जोडाक्षरे नीट दिसतात का बघा.

साडेचारला पहिले एक्स्पोर्ट. १०८० पी, एच.२६४, २० मेगाबिट. चार मिनिटांची फाइल सुमारे ६०० एमबी होते. १० मेगाबिटच्या अपलोडवर ती आठ मिनिटांत जाते, २ मेगाबिटवर चाळीस मिनिटे लागतात. म्हणून घरच्या जोडणीचा अपलोड वेग आधी मोजा. लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा, कारण एक्स्पोर्टच्या मध्ये वीज गेली तर सुरुवातीपासून करावे लागते. तयार झालेली फाइल दुसऱ्या यंत्रावर, शेवटच्या फ्रेमपर्यंत, एकदा फोनच्या स्पीकरवर आणि एकदा हेडफोनवर बघा. मधेच काळी फ्रेम, एकाच कानात येणारा आवाज, शेवटी कापलेले नाव, या चुका इथेच सापडतात. दुरुस्त करून साडेपाचला दुसरे एक्स्पोर्ट. सहाला अपलोड सुरू, आणि तीच फाइल पेनड्राइव्हवर.

अपलोड चालू असताना बाकीच्यांनी घराकडे जावे. खुर्च्या होत्या तशा लावा, चिकटपट्टीच्या खुणा भिंतीवरून काढा, फ्रिजमधली चावी घ्या आणि फ्रिज सुरू झाला का बघा. दोन्ही डिस्क दोन वेगळ्या माणसांकडे द्या. सोमवारी दोन्ही उघडतात याची खात्री झाल्यावरच कार्डे पुसा.